पट्टी दिसत नाही

देवपूर, धुळे
८ फेब्रुवारी २०२६

ती. नाना यांस,
सप्रेम जयभीम.

काल फोनवर ओरडून ओरडून माझा घसा बसला, खालच्या मंदाबाई वर बघायला आल्या, आणि तुम्ही शेवटी उत्तर दिलंत, "हो हो, जेवलो." मी विचारलं होतं, माझ्या नव्या नोकरीचं कळलं का. तुमच्या कानांपुढे मी हात टेकले. आता पत्रच.

कोकणात कांदोशी नावाचा किनारा आहे. आपला प्रशील तिथे सर्फिंग शिकवतो ते तुम्हाला माहीत आहेच. लांब फळीवर पोटावर झोपून पाण्यात जायचं, मागून लाट आली की फळीवर उभं राहायचं आणि लाटेबरोबर काठाला यायचं. याचे लोक पैसे देतात. सुट्टीच्या दिवशी दोन-अडीचशे माणसं असतात तिथे. त्यांना आदल्या संध्याकाळी कळावं लागतं की उद्या लाटा केवढ्या, वारा कुठून, भरती किती वाजता, नवशिक्यांनी यावं की घरी बसावं. तो अंदाज आता मी लिहिते. देवपुरात, मंदाबाईंच्या माडीवर बसून. पांझरेत गुडघाभर पाणी नाही आणि मी समुद्राचं भविष्य सांगते. हसून घ्या.

संगणकावर जगभरच्या समुद्राचे आकडे मिळतात, पण ते खोल पाण्यातले. काठावर प्रत्यक्षात लाट केवढी येते ते काठावरच्या माणसानेच सांगावं लागतं. ते काम प्रशीलकडे आहे. तिथे जुन्या धक्क्याचा एक लोखंडी खांब पाण्यात उभा आहे. तुम्ही सांगितल्याप्रमाणे त्याने त्यावर लाल-पांढऱ्या खुणा रंगवल्या आहेत. रोज पहाटे तो खांबापाशी जातो, लाट किती सेंटिमीटर चढते ते बघतो आणि आकडा मला पाठवतो. त्यावरून मी संगणकाचा आकडा सुधारते. आई नोकरीमुळे पहूरला राहिली आणि आम्ही दोघं भावंडं तुमच्या अंगणात वाढलो, त्याचं हे फळ. पट्टीवाल्याची दोन्ही नातवंडं पट्टीवरच आली.

पहिल्या आठवड्याचे कागद सोबत आहेत. चुका काढा.

तुमची,
प्रज्ञा


निमखेडी, ता. यावल
१६ फेब्रुवारी २०२६

चि. प्रज्ञा,
जयभीम.

मी जेवलो होतो, आणि ते सांगितलं यात चूक काय झाली.

कागद वाचले. अक्षर छापील आहे त्यामुळे चुका कमी दिसतात. प्रशीलचे आकडे चांगले आहेत. ८३, ९७, ७१, १०४. असे आकडे वाचले की मला काठावर उभं असल्यासारखं वाटतं. तापीत उभ्या खांबावरची, पाण्याची उंची मोजायची पट्टी मी एकतीस वर्षं वाचली. उन्हाळ्यात नदी झोपलेली असते असं लोकांना वाटतं, पण सकाळी केळीवाल्यांच्या मोटारी सुरू झाल्या की ती दोन बोटं उतरते आणि लाइट गेली की पुन्हा चढते. पाणी एका जागी राहत नाही. तुझ्या भावाला तीन गोष्टी सांगून ठेव. आकडा काठावर उभं राहून लिहायचा, घरी येऊन नाही. दिसेल तोच लिहायचा, शोभेल तो नाही. आणि पाणी पट्टीच्या वर गेलं तर आकड्याच्या जागी सरळ "पट्टी दिसत नाही" असं लिहून लोकांना कळवायला धावायचं. त्यात कमीपणा नाही.

तुझा अंदाज मला फैजपूरलाही वाचायला मिळतो. उत्तमचंदशेठचं कापडाचं दुकान आहे ना, त्यांचा अर्पित जानेवारीत कांदोशीला जाऊन ते फळीचं शिकून आला. मास्तर कोण, तर आपला प्रशील. आता अर्पित तुझा कागद छापून साड्यांच्या कपाटाशेजारी भिंतीला चिकटवतो. त्याची आई धनकुंवरबाई गिऱ्हाइकाला साडी दाखवता दाखवता सांगते, "ही आमच्या भिकननानांची नात, समुद्र सांगते." मला ऐकू येत नाही म्हणून हेही तिने बिलाच्या पाठीवर लिहून दाखवलं. सगळे तसंच करतात. माझा खिसा चिठ्ठ्यांनी भरलेला असतो.

आजची पट्टी: १.४२.

भिकन नाना


देवपूर, धुळे
२९ मार्च २०२६

ती. नाना यांस,
सप्रेम जयभीम.

पत्राला उशीर झाला, रागावू नका. काम वाढलं आहे. कांदोशीचा अंदाज आता रोज चार-पाच हजार लोक वाचतात. आमच्या सर्फिंगच्या कंपनीचे भूपेंद्रसर खूश आहेत. फक्त त्यांचं म्हणणं, शब्द जरा हलके वापरावेत. "सावध" लिहिलं की बुकिंग रद्द होतात. मी म्हटलं आकडे असतील तसे लिहीन. ते म्हणाले, आकडे तुमचेच, शब्द आमचे. ठीक आहे, शब्दांवर मी भांडत बसले नाही.

एक गंमत सांगते, तुम्हाला आवडेल. फेब्रुवारीत संगणकाचा आकडा आणि खांबावरचा आकडा जवळपास सारखे येत. मार्चच्या मध्यापासून मात्र खांबावर निम्मीच लाट दिसते. संगणक म्हणतो एकशे वीस, प्रशील लिहितो साठ. संगणक म्हणतो एकशे दहा, तो लिहितो पंचावन्न. मी दहा दिवस डोकं खाजवलं. शेवटी ठरवलं की पाण्याखालचा वाळूचा बांध सरकला असणार आणि लाटा आता बाहेरच मोडत असणार. म्हणून मी आता संगणकाचा आकडा सरळ निम्मा करून अंदाज देते. तेव्हापासून अंदाज आणि खांब तंतोतंत जुळतात. भूपेंद्रसर म्हणाले, एवढा अचूक अंदाज आख्ख्या किनारपट्टीवर कुणाचा नाही.

नाना, खरं सांगू का, मला फार अभिमान वाटला. समुद्र मी आयुष्यात एकदाच पाहिला, तोही शाळेच्या सहलीत, आणि तेव्हा मला उलट्या होत होत्या.

प्रशील फोनवर कमी बोलतो हल्ली. दमत असेल. हंगाम संपला की मेअखेर घरी येईल. मार्च-एप्रिलचे आकडे वीस-एकवीस तारखेला पाठवते.

तुमची,
प्रज्ञा


कांदोशी
१७ एप्रिल २०२६

नाना,
जयभीम.

नीट पोचलो. तुम्ही दिलेल्या कळण्याच्या भाकरी आणि ठेचा दोन दिवसांत संपला.

मी जयंतीला आलो होतो हे ताईला सांगू नका. आईलाही नको. रजा न घेता आलो होतो. ताईला कळलं तर ती ओरडेल, आणि तिच्याकडून भूपेंद्रसरांपर्यंत जाईल. तुमच्याबरोबर मिरवणुकीत चालायचं होतं, बस. लहानपणी तुम्ही माझा हात धरून चालायचात. यंदा मी तुमचा धरला, तर तुम्ही झटकला नाहीत.

घाटावर बसलो होतो तेव्हा मी तुम्हाला एक विचारलं होतं. तुम्हाला ऐकू आलं नाही बहुतेक. बरंच झालं.

इथे सगळं ठीक आहे. समुद्र शांत. उन्हामुळे गर्दी फार. जळगाव, भुसावळ, धुळे, सगळीकडची माणसं भेटतात. आपली बोली ऐकली की बरं वाटतं आणि वाईटही वाटतं.

प्रशील


निमखेडी
२६ एप्रिल २०२६

चि. प्रज्ञा,
जयभीम.

तुझे एकवीस तारखेचे कागद काल मिळाले. काल दुपारपासून मी ते चार वेळा वाचले. रात्री जेवलो नाही. आता लिहितो ते शांतपणे वाच आणि भावावर लगेच तुटून पडू नकोस.

प्रशीलचे आकडे खोटे आहेत.

१७ मार्चपासून पुढे बघ. ६०, ५५, ६०, ६५, ६०, ५५. प्रत्येक आकडा शून्यावर किंवा पाचावर संपतो. वेळ रोज सहा वाजून दहा. माणूस रोज त्याच मिनिटाला काठावर पोचत नाही. कधी चप्पल तुटते, कधी कुत्रं आडवं येतं. पण हे सगळं सोडून दे. चौदा एप्रिलचा आकडा बघ. साठ, वेळ सहा वाजून दहा. चौदा एप्रिलला सहा वाजून दहा मिनिटांनी प्रशील माझ्या ओट्यावर चहा पीत होता. तो जयंतीला इथे आला होता. तुला सांगू नका म्हणाला, मी सांगितलं नाही. माझी चूक.

तू ज्याच्यावरून समुद्र निम्मा केलास, तो आकडा कुणी पाहिलेलाच नाही.

का, तेही मला थोडं कळतं. घाटावर त्याने मला विचारलं, "नाना, पट्टीले कधी माणूस अडकेल पाह्यला का तुम्ही?" त्याला वाटलं मला ऐकू आलं नाही. माझ्या कानाशी कुणी हळू बोललं की मला कधी कधी नेमकं तेच ऐकू येतं. मला ऐकू आलं होतं. मी नदीकडे बघत राहिलो, कारण उत्तर दिलं असतं तर मला माझंही सांगावं लागलं असतं.

ते आज लिहितो. तुझ्या आजीलाही हे माहीत नव्हतं.

तू चार वर्षांची असशील. भाद्रपद होता, तापी चढत होती. पुरात दर तासाला पट्टी वाचायची आणि आकडा खालच्या गावांना कळवायचा असा नियम. संध्याकाळी पाचची पट्टी मी काठावर जाऊन वाचली. सहाच्या वेळी पाऊस आडवा लागला होता, घाटाची वाट निसरडी झाली होती, आणि मला कंटाळा आला. दुसरं काही नाही, कंटाळा. मी चौकीत बसून पाचच्या आकड्यात दहा मिळवले आणि कळवून दिलं. घाटाच्या थोडं वर, नावेच्या उताराशी आपला उखर्डू नावाडी होता, माझ्या बरोबरीचा. माझा आकडा ऐकून त्याने नाव सोडली. एक फेरी होईल म्हणाला. तेव्हा पाणी पट्टीच्या वर गेलं होतं. मी गेलो असतो तर "पट्टी दिसत नाही" असं लिहिलं असतं आणि तो थांबला असता. नाव तीन गावं खाली सापडली. उखर्डू पट्टीच्या खांबालाच अडकला होता, वाहत न जाता. सकाळी आठची पट्टी वाचायला मीच गेलो होतो.

वहीत माझा सहाचा आकडा अजून तसाच आहे. सुरेख अक्षरात. कुणी विचारलं नाही.

प्रशीलनेही तिथे काहीतरी पाहिलं आहे, आणि तो खांबापाशी जात नाही. त्याला प्रेमाने विचार. पण अंदाज आधी बदल.

शेजारच्या स्वप्नीलकडून मोबाइलवर कळवता आलं असतं. पण मग माझ्या नातवाचे आकडे खोटे आहेत हे त्याच्या हातून लिहावं लागलं असतं, आणि गावभर व्हायला वेळ लागत नाही. पोराची नोकरी जाईल. म्हणून पोस्टाने पाठवतो. उद्या फैजपूरच्या पेटीत टाकतो. समुद्र शांत आहे म्हणतो, तर चार दिवसांनी काही बिघडत नाही.

आजची पट्टी: १.१७.

नाना


देवपूर, धुळे
२९ एप्रिल २०२६

ती. नाना यांस,
सप्रेम जयभीम.

कागद मिळाले असतील. तुमच्या शेऱ्याची वाट बघते आहे.

इकडे जीव नकोसा झाला आहे. काल पारा पंचेचाळीसला टेकला. मंदाबाई ओल्या गोणपाटावर निजतात. शुक्रवारी बुद्धपौर्णिमा, महाराष्ट्र दिन, पुढे शनिवार-रविवार. कांदोशीला एक खोली शिल्लक नाही. सगळा खान्देश समुद्रात उतरणार आहे असं प्रशील म्हणाला. तो हसला नाही म्हणताना.

गर्दी मोठी म्हणून शनिवारचा अंदाज सोमवारीच कंपनीच्या संकेतस्थळाच्या पानावर टाकला आहे. तुमच्यासाठी उतरवते:

"शनिवार, २ मे. आकाश निरभ्र. सकाळी वारा जवळजवळ नाही, दुपारनंतर पश्चिमेचा मंद वारा. लाटा कमरेएवढ्या, एकामागून एक मोकळ्या अंतराने येणाऱ्या, स्वच्छ. ओहोटी पहाटे साडेपाचच्या सुमारास, भरती दुपारी बाराच्या आत. पाणी कोमट. नवशिक्यांना आणि मुलांना उत्तम सकाळ."

"उत्तम सकाळ" भूपेंद्रसरांचं आहे. बाकी माझं.

तुम्हाला म्हणून सांगते, एक गोष्ट मनात टोचते आहे. खाली दक्षिणेला, हजारो किलोमीटरवर, आठवड्यापूर्वी मोठं वादळ झालं. त्याच्या लाटा तिथून निघाल्या आहेत. इथे त्याचा मागमूस नाही, ढग नाही, वारा नाही. बैतूलकडे पाऊस पडतो, आपल्याकडे कडक ऊन असतं आणि तरी तापी चढते, तसंच. दोन लाटांमधलं अंतर संगणक अठरा सेकंद दाखवतो. एरवी सहा-आठ असतं. अशी लाट दिसायला साधी असते, पण तिच्यामागे पाणी फार असतं. संगणकाचा आकडा आहे दोनशे चाळीस. मी नेहमीप्रमाणे निम्मा केला, एकशे वीस. आपला हिशोब महिनाभर एकदाही चुकलेला नाही, म्हणून मन घट्ट केलं.

खांब आहे ना तिथे. काही वेगळं असेल तर प्रशील बघेलच.

तुमची,
प्रज्ञा


देवपूर, धुळे
४ मे २०२६

नाना,

तुम्हाला आत्तापर्यंत सगळं कळलंच असेल. तरी माझ्याकडचं लिहिते. सरळ लिहिते.

तुमचं पत्र गुरुवारी आलं होतं. मी क्लासला होते. मंदाबाईंनी ते पिठाच्या डब्याखाली जपून ठेवलं आणि स्वतः आपल्या मुलीकडे गेल्या. शुक्रवारी संध्याकाळी मी विहारातून परत आले तेव्हा त्या दारात उभ्या होत्या. "ले, हाई तुनं पत्र शे. काल पोस्टमन दी गया. तुना नानानं अक्षर वळखू उनं मले." मी जिन्यातच वाचलं.

प्रशीलला फोन लावला. मी काही बोलायच्या आधीच तो म्हणाला, "ताई, नानांनी लिहिलं का?" मग सांगितलं. सोळा मार्चच्या पहाटे तो खांबापाशी गेला तेव्हा खांबाला एक माणूस अडकलेला होता, मेलेला. आदल्या संध्याकाळी पाण्यात उतरलेला कुणी प्रवासी. याने एकट्याने त्याला सोडवून काठावर आणलं. भूपेंद्रसर म्हणाले, हंगामाचे दिवस आहेत, आपल्या किनाऱ्यावर सापडला हे कुठे बोलायचं नाही. तेव्हापासून तो खांबाच्या दिशेला गेलेला नाही. समुद्र शांत आहे असं लिहिलं की कुणी काही विचारत नाही, म्हणून तो साठ लिहायचा. बावीस-तेवीस वर्षांचा आहे तो, नाना. त्याने मला सांगितलं असतं तर मी त्याला दुसऱ्या दिवशी घरी आणलं असतं.

मग मी भूपेंद्रसरांना फोन केला. म्हटलं, शनिवारचा अंदाज आत्ताच्या आत्ता काढा, लाटा दुप्पट असू शकतात. ते म्हणाले, तीनशे लोकांचं बुकिंग आहे, एका म्हाताऱ्याच्या पत्रावरून कसं काढू? सकाळी खांबाचा खरा आकडा येऊ दे, मग बघू. आणि मी "बरं" म्हणाले.

पानावर बदल करायची किल्ली माझ्याकडे होती. मला कुणाला विचारायची गरज नव्हती. तरी मी बरं म्हणाले. नाना, मला वाटत होतं की माझा हिशोब इतका चुकू शकत नाही. महिनाभर सगळे मला हुशार म्हणत होते.

प्रशील शनिवारी पहाटे खांबापाशी गेला. तिथून त्याने पाठवलेले आकडे माझ्याकडे आहेत.

५:५२. १८७.
६:१४. २१३.
६:४१. २३९.
७:०५. खांब दिसत नाही.

पहिला आकडा आला त्याच मिनिटाला मी पान बदललं. लाल केलं. त्याने शिट्टी मारत, लोकांना शिव्या देत, हाताला धरून एकेकाला बाहेर काढलं. एकतीस जण पाण्यात होते, त्यात नऊ मुलं. सगळे बाहेर आले. मधल्या वेळात धावत जाऊन तो आकडाही बघत होता, कारण मी मागत होते.

सात वाजता कुणीतरी सांगितलं की उत्तरेच्या खडकांपलीकडे जळगावकडची, एमएच-१९ ची गाडी उभी आहे आणि गाडीत कुणी नाही. प्रशीलने शेवटची ओळ लिहिली आणि तिकडे गेला. नंतर सव्वादोन तास काहीच आलं नाही.

अर्पित पावणेसहाला एकटाच उतरला होता. गर्दीच्या आधी दोन लाटा घेतो, असं मित्रांना सांगून. त्या बाजूला मोबाइलला रेंज नाही. त्याच्या फोनमध्ये शुक्रवारी संध्याकाळी घेतलेलं माझं पान तसंच उघडं होतं.

प्रशीलच्या हाताला फळी लागली, अर्पित लागला नाही. लाटेने प्रशीलला खडकावर आपटलं, गळ्याजवळचं हाड मोडलं आहे. आई त्याच्यापाशी गेली आहे. तो वाचेल. अर्पित काल दुपारी सापडला.

अर्पित येणार आहे हे मला माहीत असतं तर शुक्रवारी रात्री मी त्याला स्वतः फोन केला असता. हा एकच विचार डोक्यात घोळतो. कुणाला तरी माहीत असेल. मला कुणी सांगितलं नाही.

भूपेंद्रसर म्हणतात मार्चपासूनची आकड्यांची वही माझ्याकडून गहाळ झाली असं मी लिहून द्यावं. मी देणार नाही. चौकशीत वही देणार आहे, प्रशीलने हो म्हटलं आहे. त्याचं काय होईल, माझं काय होईल, माहीत नाही.

तुम्ही काहीतरी लिहा.

प्रज्ञा


निमखेडी
८ मे २०२६

चि. प्रज्ञा,
जयभीम.

वही दे. तू बरोबर करते आहेस. प्रशीलला सांग, सात पाचला त्याने जे लिहिलं ते माझ्याकडून एकतीस वर्षांत एकदा लिहायचं राहून गेलं. त्याने लिहिलं, याचं मला फार मोल आहे.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. तू लिहिलंस, कुणाला तरी माहीत असेल. मला माहीत होतं.

मंगळवारी, २८ तारखेला, तुला लिहिलेलं पत्र पेटीत पडून एक दिवस झाला होता. मी फैजपूरला सदऱ्याचं कापड घ्यायला गेलो. अर्पित दुकानात नव्हता. धनकुंवरबाईंनी नेहमीप्रमाणे बिलाच्या पाठीवर लिहून माझ्यापुढे केलं. चिठ्ठी माझ्याजवळ आहे. तशीच उतरवतो: "अर्पित शनिवारी समुद्रावर जातो म्हणतो. तुमच्या नातीचा कागद चांगला म्हणतो, पण आईचा जीव आहे. जाऊ देऊ का?"

ऐकू आलं नाही असं म्हणायची सोय नव्हती. कागद माझ्या हातात होता.

मला माहीत होतं की भिंतीवरचा तुझा कागद खोट्या आकड्यांवर उभा आहे. पण तसं सांगायचं तर प्रशीलचं नाव घ्यावं लागलं असतं, त्या दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर. मी मनात म्हटलं, पत्र गेलंच आहे, प्रज्ञा शनिवारच्या आत सगळं सुधारेल. आणि मी म्हणालो, "कागदावर तं बरंच दिसून राह्यलं."

तिने मान डोलावली. मला पाणी दिलं. सदऱ्याचं कापड अर्ध्या मीटरने जास्त फाडलं, नेहमी फाडते तसं.

मातीला मी गेलो होतो. उत्तमचंदशेठ कुणाकडे बघत नव्हते. दुकानात कपाटाशेजारी तुझा शनिवारचा कागद अजून चिकटवलेला आहे. मी काढायला हात लावला तर धनकुंवरबाईंनी माझा हात धरला. बोलल्या ते ओठांवरून मला कळलं. "राहू द्या नाना. त्यानं लावेल आहे." त्यांच्या मनात माझ्याबद्दल काही नाही. मी त्या दिवशी जे बोललो ते त्यांना आठवतही नसेल, किंवा आठवत असेल आणि त्यांना वाटत असेल की बिचाऱ्या म्हाताऱ्याला काय ठाऊक.

उखर्डूच्या बायकोलाही असंच वाटत राहिलं. ती वीस वर्षं मला भाऊबीजेला ओवाळत होती. मी ताटात पैसे टाकत होतो. ती गेली तरी मी बोललो नाही.

निवृत्तीनंतरही मी रोज आठला घाटावर जातो, तुम्हाला वाटतं म्हाताऱ्याची सवय. तसं नाही. उखर्डू मला आठलाच सापडला होता.

हे पत्र पेटीत टाकून मी तसाच दुकानात जाणार आहे. चिठ्ठी खिशात आहे. ती त्यांच्यापुढे ठेवणार आणि म्हणणार, बाई, तुम्ही विचारलं तेव्हा मला माहीत होतं. पुढे त्या काय म्हणतील ते मला ऐकू येणार नाही, म्हणून कोरा कागद बरोबर घेतला आहे. त्यांना लिहायचं असेल तर लिहितील.

तू येऊ नकोस. हे माझं आहे. तुझं तू लिहून देते आहेसच.

आज सकाळी घाटावर गेलो नाही. म्हणून पट्टीचा आकडा नाही.

नाना